ठिणगीपासून साखळीपर्यंत: जीवोत्पत्तीच्या प्रयोगांत माणसाचा हात किती?

तापीकाठ (जळगाव)

नमस्कार मंडळी.

"शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत जीवनाचे घटक तयार केले" अशा मथळ्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते आणि तिच्यावर बहुधा दोनच प्रकारचे अभिप्राय उमटतात. काहींना कोडे सुटल्यासारखे वाटते, तर काहींना हा सगळा चंबूतला खेळ वाटतो. मूळ प्रयोग मात्र दोन्हीकडच्या मंडळींनी क्वचितच पाहिलेला असतो. म्हणून या धाग्यात कोणी कोणत्या वस्तू घेतल्या, त्यांना कोणती ऊर्जा दिली, मध्येच काय घातले, काय काढले आणि शेवटी हाती काय लागले, एवढ्यापुरतीच चर्चा ठेवावी, अशी विनंती आहे.

सुरुवात अर्थातच स्टॅन्ली मिलर यांच्यापासून. शिकागो विद्यापीठात हॅरल्ड युरी यांच्या मार्गदर्शनाखाली शिकणाऱ्या या विद्यार्थ्याने १९५२ मध्ये काचेचा एक बंद संच उभारला. खालच्या चंबूत उकळते पाणी, वरच्या मोठ्या चंबूत मिथेन, अमोनिया व हायड्रोजन हे वायू, त्यांत सतत उडणाऱ्या विद्युत ठिणग्या आणि वाफ थंड करून पाणी पुन्हा खाली आणणारी नळी, अशी त्याची रचना होती. पहिल्या दिवसानंतर पाणी गुलाबी दिसू लागले आणि आठवड्याअखेर ते गडद लाल व गढूळ झाले. कागदी क्रोमॅटोग्राफीने (मिश्रणातले पदार्थ कागदावर वेगळे करून) निनहायड्रिन हे रंग आणणारे रसायन फवारल्यावर ग्लायसिन व ॲलानिन या अमिनो आम्लांचे, म्हणजे प्रथिनांच्या घटकांचे, डाग स्पष्ट दिसले, आणखी एकदोन अमिनो आम्लांचे पुसट दिसले. मे १९५३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात हा निबंध प्रसिद्ध झाला. युरी हे नोबेलविजेते मार्गदर्शक असूनही त्यांनी त्यावर स्वतःचे नाव घातले नाही, ही गोष्ट मला प्रयोगाइतकीच भावते.

ठिणगीने थेट अमिनो आम्ल घडवले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ठिणगीमुळे वायूंचे रेणू फुटून हायड्रोजन सायनाइड व आल्डिहाइडे तयार होतात, ती पाण्यात उतरतात, आणि तेथे अमोनियाशी संयोग होऊन आधी अमिनोनायट्राइल व पुढे जल-अपघटनाने (पाण्याशी अभिक्रिया होऊन) अमिनो आम्ल बनते. ही अभिक्रिया जर्मन रसायनज्ञ आडोल्फ श्ट्रेकर यांनी १८५० मध्येच दाखवली होती. मिलर यांचे वेगळेपण असे, की या अभिक्रियेला लागणारा सगळा माल त्याच बंद संचात साध्या वायूंपासून तयार झाला आणि संच चालू असताना त्यात कोणी चिमूटभरही काही घातले नाही.

नंतरच्या सत्तर वर्षांत मिलर यांच्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे रेणू बनवले गेले. माझ्या मते मात्र रेणू जितका गुंतागुंतीचा, तितका त्या प्रयोगात माणसाचा हात अधिक वेळा लागलेला दिसतो. जर्मन रसायनज्ञ क्लेमेन्स रिशर्ट यांनी २०१८ मध्ये नेमक्या याच प्रश्नावर लिहिले आणि प्रयोगात माणसाने किती वेळा हस्तक्षेप केला, हे संशोधकांनी उघडपणे नोंदवावे असे सुचवले. आपणही प्रत्येक प्रयोग याच मापाने मोजून पाहावा. प्रयोग खोटे आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. त्यांतले निसर्गाचे किती आणि आपले किती, हे वेगळे काढता यावे, इतकेच.

गिरणाई (चाळीसगाव)

नाना, धाग्याबद्दल आभार. एम.एस्सी.ला हा भाग अभ्यासताना मला सर्वांत रोचक वाटली ती मिलर यांच्या जुन्या कुप्यांची हकीकत. मिलर यांनी त्या काळी संचाचे आणखी प्रकार करून पाहिले होते. त्यांपैकी एकात ज्वालामुखीच्या उद्रेकासारखा वाफेचा झोत ठिणगीवर सोडण्याची सोय होती. या प्रयोगांचे वाळलेले अवशेष त्यांनी लेबल लावून जपून ठेवले. मिलर यांचे २००७ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे विद्यार्थी जेफ्री बाडा व सहकाऱ्यांनी आधुनिक उपकरणांनी त्या कुप्या तपासल्या, तेव्हा वाफेच्या झोताच्या संचात २२ अमिनो आम्ले आढळली. हायड्रोजन सल्फाइड घालून १९५८ मध्ये केलेल्या एका प्रयोगाचे अवशेष २०११ मध्ये तपासले गेले आणि त्यांत गंधकयुक्त अमिनो आम्लेही निघाली. मिलर यांनी त्या प्रयोगाचे निष्कर्ष कधी प्रसिद्धच केले नव्हते.

एका आक्षेपाची नोंद मात्र येथेच करायला हवी. आदिपृथ्वीचे वातावरण मिथेन व अमोनियाने भरलेले होते, असे आज बहुतेक भूशास्त्रज्ञ मानत नाहीत. त्यांच्या मते त्यात कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन व पाण्याची वाफ यांचेच प्राबल्य असावे. अशा वायूंत ठिणगी पाडली तर अमिनो आम्ले फारच थोडी मिळतात. शिवाय नायट्राइटे तयार होतात आणि तयार झालेली अमिनो आम्ले तीच नष्ट करतात. २००८ मध्ये हेन्डरसन क्लीव्ह्ज, बाडा व सहकाऱ्यांनी दाखवले, की पाण्याचा सामू (पीएच) कार्बोनेटने उदासीन राखला आणि ऑक्सिडीकरण रोखणारा पदार्थ घातला, तर त्याच वायूंतून बऱ्यापैकी अमिनो आम्ले मिळतात. नानांच्या मापाने पाहिले तर येथे हात दोनदा लागला. पण समुद्रतळाशी चुनखडी असणे आणि पाण्यात विरघळलेले लोह असणे आदिपृथ्वीवर स्वाभाविक होते, त्यामुळे हा हात मला फारसा खटकत नाही.

रेल्वेमार्ग (भुसावळ)

माझा प्रश्न साधा आहे. शाळेत आपण सर्वांनी लुई पाश्चर यांचा हंसाच्या मानेसारख्या नळीच्या चंबूचा प्रयोग शिकलो. निर्जीवापासून सजीव होत नाही, हे त्यांनी सिद्ध केले, असे पुस्तकात छापलेले असे. मग मिलर वगैरे मंडळी पाश्चर यांच्या विरुद्ध जात नाहीत काय?

तापीकाठ (जळगाव)

भाऊ, हा प्रश्न वर्गात दर वर्षी येत असे. १८६० च्या सुमारास पाश्चर यांनी दाखवले ते असे, की उकळून निर्जंतुक केलेल्या रश्शात बाहेरचे जंतू शिरू दिले नाहीत तर त्यात आपोआप जंतू निपजत नाहीत. म्हणजे आजच्या हवेत, काही आठवड्यांत, पूर्ण विकसित जंतू एकदम उद्भवत नाही. लक्षावधी वर्षे, ऑक्सिजनरहित वातावरणात, जंतूहून कितीतरी साध्या गोष्टी टप्प्याटप्प्याने बनू शकतात काय, हा प्रश्न त्यांच्या चंबूने विचारलेलाच नव्हता.

चार्ल्स डार्विन यांनी फेब्रुवारी १८७१ मध्ये जोसेफ हुकर यांना लिहिलेल्या पत्रात अमोनिया व फॉस्फरसचे क्षार असलेल्या, उष्णता, प्रकाश व वीज मिळणाऱ्या एका कोमट डबक्याची कल्पना मांडली आहे. त्याच वाक्यात पुढे त्यांनी असेही लिहिले आहे, की असा पदार्थ आज तयार झाला तर आजचे जीव तो तत्काळ गट्ट करतील. पत्राचा पहिला भाग सगळे उद्धृत करतात, दुसरा भाग गाळतात. प्रयोगकर्त्याच्या दृष्टीने मात्र दुसराच भाग महत्त्वाचा आहे. मिलर यांनी प्रयोग संपताच चंबूत मर्क्युरिक क्लोराइड घातले, ते जंतूंनी माल खाऊ नये म्हणूनच.

काळाचा अंदाजही नोंदवून ठेवतो. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. पश्चिम ऑस्ट्रेलियातील झिर्कॉन या खनिजाचे सर्वांत जुने कण सुमारे ४४० कोटी वर्षांचे आहेत आणि त्या वेळी पृष्ठभागावर पाणी असल्याचे त्यांच्यावरून अनुमान निघते. त्याच भागातील सूक्ष्मजीवांच्या थरांचे अवशेष ३४८ कोटी वर्षांचे आहेत. जे काही घडले ते या मधल्या काळात.

पांझरा (धुळे)

नानांच्या मापात एक हात राहून गेला आहे, तो काचेचा. मिलर यांनी १९५३ च्या निबंधातच लिहिले आहे, की द्रावण गढूळ झाले ते मुख्यतः काचेतून सुटलेल्या सिलिकामुळे. अमोनियामुळे पाणी आम्लारिधर्मी होते आणि गरम आम्लारिधर्मी पाणी बोरोसिलिकेट काच हळूहळू विरघळवते. तब्बल ६८ वर्षांनी, २०२१ मध्ये, स्पेन व इटलीतील संशोधकांनी हाच प्रयोग तीन प्रकारे केला: काचेच्या चंबूत, टेफ्लॉनच्या भांड्यात, आणि काचेचे तुकडे टाकलेल्या टेफ्लॉनच्या भांड्यात. नुसत्या टेफ्लॉनमध्ये सेंद्रिय रेणू फारच थोडे तयार झाले, तुकड्यांसह अधिक, आणि काचेच्या चंबूत सर्वांत अधिक. म्हणजे ज्या भांड्याला आपण नुसते भांडे समजत होतो, ते अभिक्रियेत भाग घेत होते. आदिपृथ्वीवर सिलिकेट खडकांना तोटा नव्हता, त्यामुळे हा निष्कर्ष मिलर यांच्या बाजूचाच आहे. पण इतकी वर्षे ही तुलना कोणी केली नाही, याचे नवल वाटते.

गिरणाई (चाळीसगाव)

पांझराभाऊ, ही माहिती मोलाची आहे. अमिनो आम्लांवरून आता आरएनएच्या, म्हणजे डीएनएसारख्याच माहिती साठवणाऱ्या साखळी-रेणूच्या, घटकांकडे वळू या, कारण आज बहुतेक प्रयोगांचा रोख तिकडेच आहे. थॉमस चेक व सिडनी ऑल्टमन यांना १९८९ चे नोबेल मिळाले ते आरएनए स्वतःच उत्प्रेरकाचे काम करू शकतो या शोधासाठी. माहिती साठवणे आणि अभिक्रिया घडवणे ही दोन्ही कामे एकाच रेणूला जमत असतील, तर प्रथिनांच्या आधी आरएनएचे युग होऊन गेले असावे, ही कल्पना त्यामुळे बळावली. प्रश्न असा, की पहिला आरएनए आला कुठून?

त्याचे तीन भाग आहेत. एक म्हणजे बेस, साखळीतील माहितीची जणू अक्षरे. ह्वान ओरो यांनी १९६० च्या आसपास अमोनियम सायनाइडचे द्रावण तापवून ॲडेनिन मिळवले. ॲडेनिन म्हणजे हायड्रोजन सायनाइडचे पाच रेणू एकत्र येऊन बनलेला रेणू, त्यामुळे हा प्रयोग आजही देखणा वाटतो. दुसरा भाग रायबोज ही शर्करा, आणि तिसरा फॉस्फेट. तिन्ही जोडले की न्यूक्लिओटाइड, म्हणजे आरएनएच्या साखळीचा एक दुवा, बनतो. शर्करेच्या भागात फार मोठी अडचण आहे. फॉर्माल्डिहाइड चुन्याच्या निवळीसारख्या आम्लारिधर्मी द्रावणात तापवले तर शर्करा बनतात, हे अलेक्झांडर बुटलेरॉव्ह यांनी १८६१ मध्येच दाखवले. परंतु त्यात डझनावारी शर्करांचे मिश्रण तयार होते आणि रायबोज सहसा एक टक्काही नसते. अभिक्रिया तशीच चालू ठेवली तर सगळे तपकिरी होऊन डांबरासारखे होते. गुऱ्हाळातली काहील वेळेवर उतरवली नाही तर पाक करपतो, तसेच हे आहे. फरक इतकाच, की आदिपृथ्वीवर काहील उतरवायला गुळव्या नव्हता. नाना म्हणतात तो माणसाचा हात येथे अगदी ठळक दिसतो.

स्टीव्हन बेनर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर एक उपाय सुचवला. बोरेट खनिजे असतील तर ती रायबोजला बांधून ठेवतात आणि पुढची करपण्याची क्रिया मंदावते.

काळी माती (यावल)

मी कृषी पदवीधर आहे आणि केळी-कापसाची शेती करतो. माझा रसायनशास्त्राचा अभ्यास मातीपुरताच आहे. आपली काळी जमीन उन्हाळ्यात फाटते आणि पावसात फुगते, त्याचे कारण तिच्यातील माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती, असे आम्हाला शिकवले होते. बेसॉल्ट झिजून ती तयार होते. याच मातीने आरएनएच्या साखळ्या बनवल्या, असे कुठेतरी वाचले. हे खरे असेल तर आमच्या बांधावरची माती त्यासाठी चालेल काय? विनोद नाही, खरेच विचारतो.

तापीकाठ (जळगाव)

दादा, प्रश्न उत्तम आहे. अमेरिकेतील जेम्स फेरिस यांनी हे काम अनेक वर्षे केले. माँटमोरिलोनाइटचे थर पानांसारखे एकावर एक असतात आणि त्यांच्या मध्ये न्यूक्लिओटाइडे अडकून जवळजवळ येतात, त्यामुळे त्यांच्यात बंध जुळणे सोपे होते. फेरिस, लेस्ली ऑर्गेल व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये या मातीवर सुमारे ५० दुव्यांपर्यंत आरएनएची साखळी वाढवली. मातीवाचून त्याच द्रावणात फार आखूड तुकडेच मिळतात.

आता हात मोजू या. पहिली गोष्ट, न्यूक्लिओटाइडे साधी नव्हती. त्यांना इमिडाझोल जोडून आधीच सक्रिय केलेले होते, म्हणजे बंध जुळायला लागणारी ऊर्जा रसायनज्ञाने बाटलीतच भरून दिली होती. दुसरी, लांब साखळीसाठी एक तयार तुकडा सुरुवातीला दिला होता आणि ताजा सक्रिय माल पुन्हा पुन्हा घालावा लागत होता. तिसरी गोष्ट थेट आपल्या प्रश्नाशी संबंधित आहे. माती आम्लाने धुऊन तिच्यातील मूळ आयन काढून टाकले आणि त्यांच्या जागी सोडियम भरला, तेव्हाच ती नीट काम करते. आपल्याकडच्या काळ्या मातीत कॅल्शियम व मॅग्नेशियम भरपूर, चुनखडीचे कण वेगळेच, आणि जंतू व कुजलेले अंश तर विचारायलाच नकोत. तशीच नेली तर आरएनए त्यात टिकणेच कठीण, कारण जंतूंची विकरे (एन्झाइमे) तो लगेच तोडतील.

आपल्या भागाविषयी आणखी एक नोंद. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे जीवोत्पत्तीच्या तुलनेत कालपरवाचा आहे. सावदा-जळगाव परिसरातल्या खाणींतून निघणारी झिओलाइट खनिजे जगभरच्या संग्रहांत गेली आहेत आणि काही शास्त्रज्ञांनी झिओलाइटांच्या सूक्ष्म छिद्रांत पहिले रेणू जुळले असावेत असाही तर्क मांडला आहे. पण आपले खडक त्या घटनेचे साक्षीदार नाहीत. त्याच जातीच्या खडकांवर काय घडू शकते, एवढेच ते दाखवू शकतात.

सातपुडा (शहादा)

मला मूलभूत अडचण वाटते ती पाण्याची. दोन अमिनो आम्ले जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, दोन न्यूक्लिओटाइडे जोडतानाही तसेच. मग सगळीकडे पाणीच पाणी असताना ही अभिक्रिया पुढे कशी जाईल? ती उलटच जायला हवी. जीव समुद्रात उगवला, असे सर्रास म्हटले जाते, ते या कारणाने मला कधीच पटले नाही.

गिरणाई (चाळीसगाव)

आपला आक्षेप अचूक आहे आणि या क्षेत्रात त्यावरून दोन पक्षच पडले आहेत.

एक पक्ष जमिनीवरच्या उष्ण झऱ्यांचा. डबके भरते, आटते, पुन्हा भरते. आटताना पाणी निघून जाते आणि बंध जुळतात. भरताना माल मिसळतो. डेव्हिड डीमर यांनी या ओल्या-सुक्या चक्रांवर भर दिला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सुधा राजमणी आज पुण्याच्या आयसर संस्थेत याच विषयाची प्रयोगशाळा चालवतात. २००८ मध्ये या गटाने मेदद्रव्यांच्या थरांत साधी, सक्रिय न केलेली न्यूक्लिओटाइडे ठेवून ओली-सुकी चक्रे दिली, तेव्हा आरएनएसारख्या साखळ्या मिळाल्या. येथे इमिडाझोल नाही, म्हणजे हात एकाने कमी झाला. पण त्याची किंमतही मोजावी लागते. आम्लधर्मी पाण्यात वारंवार तापल्यावर शर्करा व बेस यांच्यातला बंध तुटतो, आणि साखळी बनली तरी तिच्यावरचे काही बेस गळून पडलेले असतात. पुण्याच्या गटानेच पुढे हे दाखवून दिले. स्वतःच्या प्रयोगातील उणीव स्वतःच प्रसिद्ध करणारे संशोधन मला अधिक विश्वासार्ह वाटते.

दुसरा पक्ष समुद्रतळाच्या झऱ्यांचा. अटलांटिकच्या तळाशी २००० मध्ये 'लॉस्ट सिटी' नावाचा आम्लारिधर्मी झऱ्यांचा परिसर सापडला. खडक व पाणी यांच्या अभिक्रियेतून तेथे हायड्रोजन सतत तयार होतो. विल्यम मार्टिन व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड व पाणी हे तीनच पदार्थ घेऊन, मॅग्नेटाइटसारखी लोहखनिजे टाकून, १०० अंश सेल्सिअसला दाबाखाली रात्रभर ठेवले, तर फॉर्मेट, ॲसिटेट व पायरुवेट मिळाले. आजच्या पेशींच्या चयापचयात हेच रेणू केंद्रस्थानी आहेत. विकर नाही, मध्येच काही घालणे नाही. हात जवळजवळ शून्य, पण हाती आलेले रेणू एक ते तीन कार्बनांचे. नानांचे पहिल्या प्रतिसादातले निरीक्षण येथे उलट्या बाजूने खरे ठरते.

अमळनेरचा वाचक

चर्चा वाचनीय आहे. पण सजीव म्हणजे काय, याची व्याख्या ठरल्याशिवाय त्याची उत्पत्ती शोधणे म्हणजे पत्ता नसलेल्या घराचा शोध, असे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला वाटल्यावाचून राहत नाही.

तापीकाठ (जळगाव)

वाचकमहाशय, व्याख्येचा वाद आपल्या गावच्या तत्त्वज्ञान मंदिरात रंगेल, पण प्रयोगशाळेत तो फारसा अडथळा ठरत नाही. साखळी बनली काय, तिची प्रत निघाली काय, प्रत काढताना झालेल्या बदलांतून काही निवडले गेले काय, हे प्रश्न व्याख्येविना तपासता येतात.

१९६७ मध्ये सोल स्पीगलमन व सहकाऱ्यांनी एका विषाणूचा आरएनए, त्याची प्रत काढणारे विकर आणि न्यूक्लिओटाइडे परीक्षानळीत घेतली आणि दर वेळी थोडे द्रावण नव्या नळीत टाकत गेले. ७४ व्या नळीपर्यंत मूळ आरएनएचा ८३ टक्के भाग गळून गेला होता, कारण आखूड साखळीची प्रत लवकर निघते. नैसर्गिक निवड नळीत घडली, पण विकर जिवंत सृष्टीतून उसने आणलेले होते. २००९ मध्ये ट्रेसी लिंकन व जेरल्ड जॉइस यांनी प्रथिनाचे विकर अजिबात न वापरता एकमेकांना घडवणाऱ्या आरएनएच्या जोड्या दाखवल्या. त्यांची संख्या सुमारे तासाभरात दुप्पट होत असे. त्यांना लागणारे तुकडे मात्र प्रयोगशाळेत आधीच घडवलेले होते.

पांझरा (धुळे)

फॉस्फेटचा भाग राहिला आहे. आदिपृथ्वीवर फॉस्फेट बहुतांशी कॅल्शियमशी जखडून खडकात अडकलेले होते आणि ते पाण्यात फारच थोडे विरघळते. २०२० मध्ये जोनाथन टोनर व डेव्हिड कॅटलिंग यांनी दाखवले, की कार्बोनेटने समृद्ध असलेल्या सरोवरांत कॅल्शियम हा कार्बोनेटबरोबर तळाशी बसतो आणि फॉस्फेट मोकळे राहून पाण्यात साठत जाते. अशा वर्गातले सरोवर पाहायला फार दूर जावे लागत नाही. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे पाणी कार्बोनेटयुक्त असून त्याचा सामू दहाच्या आसपास असतो, आणि ते बेसॉल्टमध्ये अशनिपाताने झालेल्या विवरात आहे. आदिपृथ्वीवर अशी विवरे असंख्य असणार. अर्थात आजचे लोणार सूक्ष्मजीवांनी गजबजलेले आहे, त्यामुळे तेथे जाऊन जीवोत्पत्ती शोधता येणार नाही.

याच संदर्भात जॉन सदरलंड यांचे २००९ चे काम येते. मॅथ्यू पाउनर, बिआट्रिस जर्लंड व सदरलंड यांनी मँचेस्टर येथे शर्करा वेगळी, बेस वेगळा हा हट्टच सोडून दिला. सायनामाइड व ग्लायकोलाल्डिहाइड यांपासून एक मधला रेणू घडवून त्यावरूनच पायरिमिडिन गटाचा बेस असलेल्या न्यूक्लिओटाइडपर्यंत मजल मारली. फॉस्फेट त्यांनी अगदी आरंभापासून द्रावणात ठेवले, आणि नको असलेल्या अभिक्रिया त्यानेच आवरल्या. अतिनील किरणांनी नको असलेले रेणू नष्ट केले. गेल्या पन्नास वर्षांतला हा सर्वांत चतुर प्रयोग, असे माझे मत आहे.

सातपुडा (शहादा)

चतुर, हे मान्य. पण पदार्थ ठरावीक क्रमानेच घालावे लागतात ना? ग्लायकोलाल्डिहाइड आधी, ग्लिसराल्डिहाइड नंतर. दोन्ही एकदम घातले तर काय होते?

पांझरा (धुळे)

तर नको ते मिश्रण होते, भाऊ. टीकाकारांनी नेमके येथेच बोट ठेवले. सदरलंड यांचे म्हणणे असे, की वेगवेगळ्या ओढ्यांतून वेगवेगळे पदार्थ वाहत येऊन एका डबक्यात क्रमाने मिसळले असतील. तर्क अशक्य नाही, पण तो ओढा प्रयोगात नव्हता, पिपेट होती.

अमळनेरचा वाचक

मग व्याख्येचा आग्रह सोडून प्रयोगाचाच एक प्रश्न विचारतो. अमिनो आम्लांची डावी व उजवी अशी, आरशातल्या प्रतिमेसारखी, दोन रूपे असतात. आपल्या शरीरातील प्रथिनांत डाव्या रूपाचीच अमिनो आम्ले असतात, पण मिलर यांच्या चंबूत डावी-उजवी सारख्याच प्रमाणात होती. ही निवड कोणी केली?

गिरणाई (चाळीसगाव)

हा प्रश्न अजून खुलाच आहे. तो टाळताही येत नाही, कारण १९८४ मध्ये जॉइस व सहकाऱ्यांनी दाखवले, की साच्यावर आरएनएची प्रत निघत असताना विरुद्ध रूपाचे न्यूक्लिओटाइड मिसळले तर साखळीची वाढच खुंटते.

एक आशा अशनींकडून होती. ऑस्ट्रेलियात २८ सप्टेंबर १९६९ रोजी पडलेल्या मर्चिसन अशनीत काही अमिनो आम्लांची डावी रूपे थोडी अधिक आढळली होती. परंतु बेन्नू या लघुग्रहावरून २०२३ मध्ये आणलेल्या सुमारे १२१ ग्रॅम मातीचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये आले, तेव्हा त्यात प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले व पाचही बेस सापडले, पण डावी-उजवी जवळजवळ समसमान निघाली. त्यामुळे निवड अवकाशात झाली, हा पक्ष कमकुवत झाला. दुसरीकडे फुर्कान ओझतुर्क व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मॅग्नेटाइटच्या चुंबकीय पृष्ठभागावर आरएनएच्या एका पूर्वघटकाचे एकाच रूपाचे स्फटिक मिळवले. त्यासाठी पृष्ठभाग चुंबकाने एका दिशेने भारावा लागला, हे नानांच्या हिशेबात धरावेच लागेल.

अनेर (शिरपूर)

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांना मिलर यांचा प्रयोग करून दाखवायचा आहे. लहान प्रमाणात करता येईल काय?

तापीकाठ (जळगाव)

ताई, कृपया करू नका. मिथेन व हायड्रोजन यांच्या मिश्रणात थोडी हवा शिरली आणि ठिणगी पडली तर स्फोट होतो. मिलर यांनाही हवा पूर्ण काढून टाकावी लागत असे. दुसरे म्हणजे संचात हायड्रोजन सायनाइड तयार होते, आणि शाळा-महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्याला स्थान नाही.

त्याऐवजी पटलांचा प्रयोग घ्यावा. पहिल्या पेशीला आवरण लागलेच असणार, आणि साध्या मेदाम्लांपासून ते आपोआप बनते. ओलिइक आम्ल थोड्या सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून द्रावणाचा सामू हळूहळू ८.५ च्या आसपास आणला, की द्विस्तरी पटलाच्या पोकळ पुटिका तयार होतात. सामू फार वर असेल तर साबणाचे द्रावण राहते, फार खाली गेला तर तेलाचे थेंब दिसतात. ४०० पट मोठे दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकात मोठ्या पुटिका दिसू शकतात. सामू स्थिर ठेवायला बोरिक आम्ल व बोरॅक्स यांचे द्रावण पुरते. हातमोजे व चष्मा मात्र आवश्यक.

आता यात खानदेशचे पाणी आणता येईल. डीमर यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले, की उष्ण झऱ्यांच्या पाण्यात अशा पुटिका बनतात, पण समुद्राच्या पाण्यात बनत नाहीत, कारण मीठ आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे आयन मेदाम्लांना साक्याच्या रूपात खाली बसवतात. आपल्या बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्यामागचे रसायनशास्त्र हेच. ऊर्ध्वपातित पाणी, बोअरचे पाणी, तापीचे पाणी आणि अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम झऱ्याचे पाणी, असे चार नमुने घ्यावेत. प्रत्येकाचा सामू व काठिण्य आधी मोजून लिहावे. काठिण्यासाठी ईडीटीए या रसायनाने करायचे अनुमापन बारावीचे विद्यार्थी सहज करू शकतात. मग चारही पाण्यांत तीच कृती करावी.

अनेर (शिरपूर)

फार उपयुक्त सूचना. उनपदेवचे पाणी थंड झाल्यावर वापरायचे की गरम असतानाच?

तापीकाठ (जळगाव)

दोन्ही करा आणि वेगळे नोंदवा, कारण थंड होताना व हवेला उघडे राहताना त्यातील विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन सामू बदलू शकतो. नमुना बाटलीत काठोकाठ भरून घट्ट बंद करून आणावा. सर्व पाणी आधी गाळणकागदातून गाळून घ्यावे, नाही तर गाळाचे गोल कणच मुले पुटिका म्हणून मोजतील. काचपट्ट्यांवर नावांऐवजी फक्त क्रमांक टाका आणि मोजणाऱ्या विद्यार्थ्याला कोणता क्रमांक कोणत्या पाण्याचा, हे मोजणी संपेपर्यंत सांगू नका. ओलिइक आम्ल न घातलेली एक काचपट्टीही प्रत्येक पाण्याची ठेवावी.